पोटावरचा अष्टचंग

मध्यंतरी मानोऱ्याकडचे एक गृहस्थ मला शोधत घरी आले. त्यांच्या भावाला मणक्याचा टीबी झालाय, डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय, आणि मी त्यातून उठलो हे त्यांना कोणाकडून तरी कळलं होतं. औषधांचं त्यांनी काही विचारलं नाही. चहा झाला, कप खाली ठेवला आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "बाकी समदं डॉक्टर सांगते भाऊ. पण दिवस कसा काढला तुमी?"

मी म्हणालो, "निघते आपोआप."

ही शुद्ध थाप होती. दिवस आपोआप निघत नाही. मी तो खेळून काढला. चाळिशी ओलांडलेला माणूस, शेलूबाजारच्या स्टँडवर ज्याच्या जीपचा हॉर्न लोक लांबून ओळखत, तो सासरवाडीत पलंगावर आडवा पडून चिंचोके उडवत होता. हे त्या गृहस्थांना सांगायची मला लाज वाटली. ते हिरमुसून गेले. नंतर त्या लाजेचीच इतकी लाज वाटली की हे लिहायला बसलो. 'बसलो' हा शब्दही मी अलीकडे जपूनच वापरतो.

'तर' एवढंच ऐकलं

पाठ तर आधीपासूनच दुखत होती. जीप चालवणाऱ्या कोणाची दुखत नाही? बाम चोळला, मालिश केली, कमरेला पट्टा बांधला. मग संध्याकाळी बारीक ताप येऊ लागला, पँट सैल झाली. रेखा, माझी बायको, म्हणायची दाखवून या, आणि मी म्हणायचो सीझन होऊ दे.

एक दिवस मंगरूळपीरच्या रस्त्याला गाडी भरलेली होती आणि ब्रेकवर पाय ठेवला, तर पाय ठेवल्यासारखा वाटेचना. जणू कोणा दुसऱ्याचा पाय. गाडी कशीबशी कडेला घेतली. मागच्या सीटवरच्या बाईनं विचारलं, "काहून थांबवली भाऊ?" मी म्हणालो, टायर बघतो. खाली उतरलो आणि टायरला धरूनच उभा राहिलो.

अकोल्याला एमआरआय झाला. डॉक्टर तरुण होत्या, आवाज मऊ होता. म्हणाल्या, मणक्याचा टीबी आहे.

"मॅडम, मले तं खोकला नाई," मी म्हणालो. चूक मशीनची आहे असं मला मनापासून वाटत होतं.

त्यांनी समजावलं. छातीत काही नाही, त्यामुळे माझ्यापासून कोणाला लागण व्हायची भीती नाही. पण मणका पोखरला गेलाय, नसांवर दाब आलाय. औषध एकही दिवस न चुकता घेतलं आणि पाठीला पूर्ण आराम दिला, तर पायात ताकद येईल, तर चालाल. मी त्यातला 'तर' तेवढा ऐकला.

बाहेर बाकड्यावर रेखा रडत होती. मी तिला धीर द्यायला हवा होता. त्याऐवजी म्हणालो, "कोणाले टीबी म्हणून सांगू नको. मणक्यात गॅप आहे म्हण." तिनं डोळे पुसले आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मीच मान फिरवली.

जवाईबापू

माझे आईवडील नाहीत. मुलगी वाशीमला वसतिगृहात राहून शिकते. आमचं घर चार पायऱ्या चढून, संडास अंगणापलीकडे, आणि मला उचलायला एकटी रेखा. आम्ही दोघं त्यावर बोलायचं टाळत होतो, तेवढ्यात सासरे स्वतः गाडी घेऊन दारात आले. गाडीत गादी अंथरलेली.

"चला जवाईबापू," म्हणाले. "घर काय दोन आहेत का?"

सासऱ्यांना मी मामाजी म्हणतो, सासूबाईंना मामी. कारंजाच्या बाहेर त्यांचा भाजीपाल्याचा मळा आहे: वांगी, मेथी, मिरची आणि सांबार, म्हणजे पुण्याकडची कोथिंबीर. मळ्याला लागूनच टिनाचं घर. लग्नापासून त्या घरात मला कोणी नावानं हाक मारली नव्हती. स्टँडवर मी गजा, गजाभाऊ, गज्या. तिथं मात्र जवाईबापू. मी गेलो की आधी पाटावर पाणी, मग नवी सतरंजी, आणि मी जेवून उठल्याशिवाय मामाजी ताटाला हात लावत नसत. मला हे आवडायचं. खोटं कशाला बोलू, मी मिशीत हसायचो.

त्याच घराच्या पुढच्या खोलीत आता माझ्यासाठी फळ्यांचा पलंग टाकला होता. छातीपासून कमरेपर्यंत कडक पट्टा, आणि पलंगाखाली भांडं. कूस बदलायची तर दोघांनी मिळून मला ओंडक्यासारखं वळवायचं.

पहिल्या दिवशी मामाजी लघवीची बाटली उचलायला वाकले तेव्हा मी त्यांचं मनगट धरलं. "मामाजी, रेखा येऊ द्या."

"ते येईन सांजेला," ते म्हणाले. "म्या जलमभर गाई-म्हशीचं काढलं. तुमचं काय लय जड आहे का?"

हसायला हवं होतं. मी भिंतीकडे तोंड केलं. पूर्ण वळता येत नव्हतं, नुसती मान.

टीबीच्या गोळ्यांनी लघवी केशरी-लाल होते. हे डॉक्टरांनी रेखाला सांगितलं होतं, रेखा घरात सांगायला विसरली. एका सकाळी बाटली मामींच्या हाती गेली. त्यांना वाटलं, रक्त. त्यांनी बाटली रिकामी केली, धुतली आणि त्या देवापुढे दिवा लावून बसल्या. दुपारी रेखाला कळलं तेव्हा मामी तिच्यावरच उखडल्या, "आधी सांगा लागत नाई का वं? माहा जीव गेलता सकायपासून!"

ज्या हातांनी मला ओवाळलं होतं, त्याच हातांनी ती बाटली धुतली, हे मी दिवसभर मनातून काढू शकलो नाही.

करून पाहिलेले उद्योग

ज्यांना पडून राहायचंय त्यांच्यासाठी हे सरळच लिहितो.

मोबाइल वाईट. तोंडावर धरला की हात भरून येतात आणि डोळा लागला की नाकावर आदळतो. शिवाय त्यात सगळी दुनिया पळत, नाचत, गाड्या चालवत असते. मी तो दोन-तीनदा पलंगाखाली टाकून दिला आणि मग मागायला लाज वाटली. टीव्हीचा माझ्या कोनातून अर्धाच पडदा दिसे. मालिकेतल्या बायांचे अंबाडे बघून कोण बोलतंय ते मी ओळखायचो. पुढे तर दुपारी मामींना स्वतःहून विचारू लागलो, काल त्या थोरल्या सुनेचं काय झालं? स्टँडवरच्या पोरांनी ऐकलं असतं तर माझं तोंड बघण्यासारखं झालं असतं.

रेडिओ चांगला. लसूण सोलणं फार चांगलं. छातीवर ताट ठेवायचं आणि सोलत राहायचं. घरात आपला काही उपयोग आहे असं तेवढा वेळ वाटतं. गाण्याच्या भेंड्याही चालतात. मामी मेथीच्या जुड्या बांधता बांधता माझ्याशी भेंड्या लावायच्या. मी सिनेमाची गाणी म्हणायचो, त्या जात्यावरच्या ओव्या. 'ण' आला की मी अडकायचो, त्या मात्र काहीतरी जमवायच्याच. मामाजी आणि मी भिंतीवरच्या पालींवरही पैजा लावल्या. किडा कोण आधी धरते, मोठी की बांडी, म्हणजे शेपूट तुटलेली? बांडी बहुतेकदा जिंकायची.

पण हे सगळं मिळून सकाळ सरायची. दुपार तशीच उभी असायची.

पोटावर पाट

एका दुपारी मामाजींनी देवघरातला लाकडी पाट आणला, पालथा केला आणि कोळशानं त्यावर घरं आखली. अष्टचंग. पाच आडवी, पाच उभी. चार चिंचोके फोडून त्यांच्या फाकी केल्या, एक बाजू पांढरी, एक तपकिरी. जेवढ्या पांढऱ्या तेवढी घरं. चारी पांढऱ्या म्हणजे चंग, चारी तपकिरी म्हणजे अष्ट, आठ घरं.

"गोट्या काय घेता?" मी विचारलं. आमच्याकडे सोंगट्यांना गोट्याच म्हणतात.

मामाजींनी स्वतःसाठी मिरचीचे देठ घेतले. मला मामींनी फुटक्या बांगडीचे चार तुकडे दिले. "घ्या," त्या हसत म्हणाल्या, "हिरव्या आहेत, तुमाले सोभतीन." म्हणजे हातात नाही तरी नशिबात बांगड्या आल्याच.

पाट ठेवायचा कुठे? जमिनीवर ठेवला तर मला दिसणार नाही. मामाजींनी तो अलगद माझ्या पोटावरच्या पट्ट्यावर ठेवला. मान उचलायची नव्हती, म्हणून तिथंही मला दिसत नव्हता. मामाजी दान सांगायचे, कोणती गोटी कुठं आहे ते सांगायचे, मी छताकडे बघून म्हणायचो, "पुढची सरकवा." डोक्यात पट मांडून मी खेळायला शिकलो. त्यात दुपार कशी गेली ते कळलं नाही, हे खरं.

खेळ सोपा आहे. प्रत्येकाच्या गोट्या बाहेरच्या घरांतून फेरी मारतात आणि मग आतल्या घरांत शिरून मधे पोचतात. आपलं दान दुसऱ्याच्या गोटीवर पडलं की ती मेली, तिला मागं तिच्या घरी पाठवायचं. आणि मुख्य नियम असा, की समोरच्याची एक तरी गोटी मारल्याशिवाय आत जायची वाट उघडत नाही. तोवर बाहेरच गोल गोल फिरायचं.

अडचण एकच होती. मी हसलो की पोट हलायचं, पोट हललं की पाट हलायचा आणि गोट्या घरं सोडून पळायच्या. मग आम्ही नियम केला, ज्याच्यामुळे हसू आलं त्याचा डाव गेला. मामाजींना तो पाळता येत नसे. ते गंभीर चेहऱ्यानं म्हणायचे, "जवाईबापू, भूकंप आणू नका, माही मिरची वांग्यात गेली." मी ओठ चावून धरायचो, नाकातून आवाज यायचा आणि सगळा पट विस्कटायचा.

रेखा

त्या दिवशी असाच भूकंप झाला होता. मी, मामाजी, दारात मामी, तिघंही हसत होतो. शेजारच्या काकू सांबार घ्यायला आल्या होत्या. त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "जवाई तं मस्त आहेत बापा. मले वाटलं लय बिमार आहेत."

काकूंच्या मागेच रेखा उभी होती. मिरच्या तोडून आली होती. डोक्यावर पोतं, हात कोपरापर्यंत लाल, डोळ्यांतून पाणी, ते मिरचीचं होतं की कशाचं कोणास ठाऊक. मामाजींच्या गुडघ्यांना आता मळ्यात दिवसभर वाकणं होत नसे, म्हणून त्यांच्या वाटचं काम तिच्याकडे आलं होतं. तिनं पोतं खाली टाकलं.

"मी तिकडं मरून राह्यली," ती म्हणाली, "अन् तुमी इथं गोट्या खेळून राह्यले. लोक काय म्हणतीन याची काही लाज? बिमार माणूस असा खदाखदा हासते का?"

मामाजी उठायला लागले. "पोरी, म्याच मांडला वं पट..."

"तुमी नका बोलू, बाबा."

काकू सांबार न घेताच गेल्या. मामाजींनी पाट भिंतीला टेकवून ठेवला, कोळशाची बाजू भिंतीकडे.

तिचं चुकलं नव्हतं. तेच तर मला बोचत होतं. माझा पाय हलत नव्हता हे कोणाला दिसत नव्हतं, माझं हसू मात्र रस्त्यापर्यंत ऐकू जात होतं. वरून मी धडधाकट, तोंडावर तेज, पडल्या पडल्या मामींच्या हातचं खाऊन गाल भरलेले. पुढचे काही दिवस मी जमेल तितकं आजारी दिसायचा प्रयत्न केला. कण्हायचो, दुखत नसलं तरी. लसूणसुद्धा सोलला नाही. आणि खरं सांगतो, त्या दिवसांत मी खरोखर खचलो. जेवण जाईना. दुपारी टिनाचे खिळे बघत पडून राहायचो आणि मनात एकच यायचं, हा पाय असाच राहिला तर मी या खोलीतून आडवाच बाहेर जाईन.

मग एका सकाळी अंगणात पाना आपटल्याचा आवाज आला. माझी जीप मामाजींनी आणवून त्यांच्या अंगणात उभी केली होती. थोड्या वेळानं रेखा आत आली, हाताला ग्रीस, आणि हातात जीपचा मधला आरसा, ज्यात बघून मी मागची सवारी बघायचो. तिनं तो तारेनं छताच्या बल्लीला बांधला. स्टुलावर चढून पुन्हा पुन्हा फिरवला, मला विचारत राहिली, "दिसते का? आता?"

तिनं पाट उचलून माझ्या पोटावर ठेवला. आरशात पट दिसला. कोळशाच्या रेघा, मधलं घर, आणि कडेला रेखाचे लाल हात.

"खेळत जा," ती म्हणाली. "तुमी गप झाले तवापासून घर खायले उठते. लोक गेले खड्ड्यात."

मी म्हणालो, "रेखा, मले लाज वाटते वं."

"मले पण वाटते. त्या दिवशी बोलली त्याची," ती म्हणाली आणि ग्रीसचा हात माझ्या गालावर पुसला. आमचं भांडण असंच संपतं, कोणी माफी मागत नाही.

आरशात दिसलेलं

आरशात डावं-उजवं उलटं दिसतं, पण माझी अर्धी हयात आरशात बघण्यात गेली, मला दोन दिवसांत सवय झाली. मामाजींना मात्र आरसा आहे हे लक्षात राहायचं नाही. माझे डोळे वर दिसले की त्यांना वाटायचं, मी छत बघतोय.

आणि मग मला ते दिसलं.

माझी एक गोटी त्यांच्या देठापुढे बरोबर तीन घरांवर होती. मामाजींनी चिंचोके टाकले. तीन पांढरे पडले. माझी गोटी मेली, असं मी मनात म्हणालो. त्यांनी माझ्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि अंगठ्यानं हळूच एक चिंचोका पालथा केला.

"दोन," ते म्हणाले.

मला वाटलं, नजर चुकली असेल. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी त्यांना चंग पडला, माझी गोटी चार घरांवर होती, आणि त्यांनी दुसराच देठ सरकवला. तेव्हा कुठं ध्यानात आलं, की इतक्या दिवसांत मामाजींनी माझी एकही गोटी मारलेली नाही. मी त्यांचे देठ धडाधड मारून आत जात होतो, जिंकत होतो, वर फुशारकी मारत होतो. त्यांचे चारही देठ रोज बाहेरच गोल फिरत होते. मारल्याशिवाय आत जाता येत नाही, आणि ते मारत नव्हते. म्हणजे डाव मांडतानाच ते हरलेले असत.

असं माणूस कोणासाठी करतं?

आमच्या गावात उत्तर सगळ्यांना माहीत आहे. ज्याचं काही खरं नाही असं कळतं, त्याचं सगळं ऐकतात. जे मागेल ते खाऊ घालतात, उलटून बोलत नाहीत. मी एकेक जुळवत गेलो. मामी हल्ली रोज विचारतात, आज काय खावं वाटते? रेखानं आरसा आणून बांधला, ती आता चिडतच नाही. आणि आठवडाभरापूर्वी रेखा आणि मामाजी माझे रिपोर्ट घेऊन अकोल्याला गेले होते, मला न नेता. परत आल्यावर 'सगळं बराबर आहे' एवढंच म्हणाले होते.

डॉक्टरांनी त्यांना सांगितलं असणार. मी उठणार नव्हतो, आणि घरात हे फक्त मलाच माहीत नव्हतं.

भीती म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. अकोल्याला नुसतं 'तर' होतं. आता तेही राहिलं नव्हतं. मी बोटं हलवून बघायचो, पायाचा अंगठा हलला असं वाटायचं, आणि मग वाटायचं, मन खेळवतंय.

गोळ्या

दुसऱ्या दिवशी सकाळी मामी गोळ्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. मी तोंड फिरवलं.

"घ्या ना जवाईबापू, उपाशीपोटीच घ्या लागतात."

"कायले?" मी म्हणालो. "आता कायले पाह्यजे गोळ्या?"

त्यांना कळेना. त्यांनी रेखाला हाक मारली, मामाजीही लंगडत आले. तिघं पलंगापाशी उभे राहिले, आरशात तिघांची डोकी दिसत होती. माझा आवाज चढला. चढू नये अशा ठिकाणी चढला.

"मामाजी, डॉक्टरनं तुमाले काय सांगतलं ते सांगा. मी लहान नाई. उठत नसन मी, तं तसं सांगा. असं हारून नका दाखवू."

"हारून?" मामाजी म्हणाले.

"मी रोज पाहून राह्यलो. तीन पडते, तुमी दोन सांगता. अंगठ्यानं चिंचोका पालथा करता. माही एक गोटी मारली नाई तुमी. मरणाऱ्या माणसाले खेळवून राह्यले का?"

मामाजींनी वर पाहिलं. आरसा, आरशात मी. त्यांचे कान लाल झाले. इतका लाजलेला म्हातारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

"बापा," ते पुटपुटले, "हे दिसते वाटते यातून."

रेखाला प्रकार कळायला वेळ लागला. कळला तेव्हा ती माझ्या अंगावर ओरडली, "डॉक्टर म्हणे औषध लागू पडलं! म्हणे सूज कमी आहे! म्हणे पुढच्या टायमाले घेऊन या, बसवून पाहू! तुमाले सांगतलं ना, सगळं बराबर आहे म्हणून!"

"मंग काहून हारता रोज?" मी मामाजींना विचारलं.

त्यांनी टोपी काढून हातात घेतली. मग खाली बघून म्हणाले, "जवायाची गोटी मारू का मी?"

मला वाटलं, ते थट्टा करत आहेत. ते थट्टा करत नव्हते.

"गोटी मारली का मागं तिच्या घरी धाडा लागते," ते म्हणाले. "आता तुमी आमच्या दारी आलेले, असे पडलेले. रोज उठून तुमची गोटी उचलायची अन् म्हणायचं, जा आपल्या घरी? तुमच्या मनात काय आलं असतं? म्हटलं असतं, मामाजीले मी जड झालो, खेळाखेळात सांगून राह्यले. आधीच तुमी मले बाटली उचलू देत नाई."

मामींनी तोंडाला पदर लावला. "अन् माह्यासंग खेळतानी कसे झोडपता? लगन झालं तवापासून माही एक गोटी सोडली नाई यायनं. बाईची मारता, जवायाची नाई!"

रेखाला आधी हसू फुटलं. मग मामींना. मला हसू आणि रडू एकदमच आलं, पट्ट्यात छाती मावेना. माझ्या बाटलीची, माझ्या ताटाची, माझ्या हसण्याची मला लाज वाटत होती, हे त्या माणसानं सगळं ओळखलं होतं. आणि मला ते सोसवावं म्हणून तो रोज बाहेरच्या घरांतून गोल फिरत होता. त्याच्या त्या मायेत मी माझं मरण वाचलं होतं.

मामींनी पुन्हा हात पुढे केला. मी गोळ्या घेतल्या. त्यानंतर एकही चुकवली नाही. हे वाचणाऱ्या कोणाच्या मनात गोळ्या सोडायचं आलं असेल, तर आधी घरच्यांना विचारा. आपल्याला वाटतं ते बरेचदा खरं नसतं.

"आता तं मारा," मी मामाजींना म्हणालो.

"पाहू," ते म्हणाले. पण मारली नाही. त्यापुढे चिंचोका पालथा केला नाही एवढंच. मारायचं दान आलं की ते दुसरा देठ सरकवायचे आणि बाहेर बघायचे. बाटली मात्र मी त्या दिवसापासून त्यांना उचलू दिली. मनगट धरलं नाही. ते मला गोळ्यांपेक्षा कठीण गेलं.

पाट खाली

पुढच्या तपासणीला मला अकोल्याला नेलं, आणि त्या मऊ आवाजाच्या डॉक्टरांनी मला दोन्ही बाजूंनी धरून बसवलं. डोकं गरगरलं. खिडकीतून उभी माणसं दिसली, खरोखरची उभी. पायाचा अंगठा हलवा म्हणाल्या. हलला. त्यांनाही दिसला.

मग रोज थोडं थोडं. आधी बसणं, मग पलंगाला धरून उभं राहणं, मग रेखाच्या खांद्यावर हात ठेवून दारापर्यंत. शेजारच्या काकू आल्या, मी त्यांना "सांबार नेला नाई त्या दिवशी" म्हणालो, त्या ओशाळल्या आणि मला उगाच बरं वाटलं. ज्यांनी विचारलं त्यांना मी आता मणक्याचा टीबी असं नाव घेऊन सांगतो. एक-दोन जण पाणी न पिता उठले. बाकीचे बसले.

आमच्या घरी पायऱ्यांना कठडा बसवून घेतला, आतच संडास झाला. जायचं ठरलं. रेखा सामान बांधत होती. तिनं स्टुलावर चढून आरसा सोडवला आणि जीपला परत लावायला नेला. जाण्याआधी मामाजींनी पाट आणला.

मी खुर्चीत बसलो होतो, पट्टा बांधून. पाट पहिल्यांदाच माझ्या पोटावर नव्हता, समोर स्टुलावर होता. कोळसा फिका झाला होता. मामींनी रेघा पुन्हा ओढून दिल्या. बांगडीचे तुकडे तेच, देठ मात्र ताजे होते.

खेळत गेलो. माझ्या तीन गोट्या मधे पोचल्या. चौथी बाहेरच्या घरात होती, मामाजींच्या देठापुढे चार घरांवर. त्यांनी चिंचोके दोन्ही हातांत घेऊन खुळखुळवले, बराच वेळ. टाकले. चारी पांढरे.

चंग.

ते पटाकडे बघत राहिले. मामी दारात थांबल्या. मामाजींनी देठ उचलला, एकेक घर मोजत नेला आणि माझ्या बांगडीच्या तुकड्यावर टचकन ठेवला.

"मेली तुही, गजा!" ते ओरडले. "जा आता आपल्या घरी!"

आणि लगेच जीभ चावली. इतक्या वर्षांत जवाईबापूचा गजा झाला होता, तुमचीची तुही झाली होती. त्यांचा चेहरा पडला. ते मामींकडे बघू लागले, माफी मागायचे शब्द शोधू लागले.

मी इतका हसलो की खुर्ची करकरली. पाट हलला नाही. मग मी हात लांब केला, तो हिरवा तुकडा उचलला आणि माझ्या घरात नेऊन ठेवला.

"टाका मामाजी," मी म्हणालो. "वाट उघडली तुमची."